कायम रहिवासी

'कायम' या शब्दाला मराठी माणसाच्या मनात मोठे वजन आहे. नोकरी कायम झाली, पत्ता कायम झाला, म्हणजे आता कोणी पुन्हा विचारणार नाही, असा दिलासा त्या शब्दात असतो. अमेरिकेत ज्याला ग्रीन कार्ड म्हणतात, त्या परवान्याचे अधिकृत नावही 'कायम रहिवासी' असेच आहे. सांगली, कोल्हापूर, बेळगाव या भागांतील ज्या कुटुंबांतील मुले तिकडे स्थिरावली, त्या कुटुंबांत वडीलधाऱ्यांसाठी हे कार्ड मिळवणे हा आता एक रिवाजच झाला आहे. कार्ड हाती येते, त्यावर दहा वर्षांची मुदत छापलेली असते आणि सारे निश्चिंत होतात. त्या नावातील 'रहिवासी' या दुसऱ्या शब्दाकडे लक्ष जाते ते बहुधा फार उशिरा.

सांगलीच्या गावभागात राहणाऱ्या एका सेवानिवृत्त शिक्षकांच्या घरात त्या दुसऱ्या शब्दाने सहा वर्षे ठाण मांडले होते. घरात त्यांना सारे आप्पा म्हणत आणि त्यांच्या पत्नीला माई. थोरला मुलगा न्यू जर्सीतील एडिसन येथे संगणक अभियंता, मुलगी बेळगावला दिलेली. घरात तिसरे माणूस म्हणजे आप्पांची आई. सीमाभागातील अनेक जैन घरांप्रमाणे त्यांना सारे 'आव्वा' म्हणत. मुलाने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आणि आईवडिलांसाठी अर्ज केला. एकवीस वर्षांवरील नागरिकाच्या आईवडिलांना वार्षिक संख्येची मर्यादा नसल्याने इतर नातेवाइकांसारखी वर्षानुवर्षे रांग लावावी लागत नाही. जून २०१५ मध्ये आप्पा आणि माई दोघेही कायम रहिवासी झाले.

निघताना आव्वांनी एवढेच विचारले होते, "परत कधी येणार रे?"

"दिवाळीला, आव्वा," आप्पा म्हणाले. त्यांनी तो शब्द पाळला.

पहिली तीन वर्षे सुरळीत गेली. उन्हाळा व पावसाळ्याचा काही भाग एडिसनला, दिवाळीपासून होळीपर्यंत सांगलीला, असा क्रम बसला. आव्वांजवळ त्या काळात एक नात्यातील बाई राहत. माईंना एडिसन मानवले. नातवंडाचे संगोपन, न्यू जर्सीतील जैन मंदिरातील स्वाध्याय, शेजारच्या गुजराती भगिनींबरोबर पर्युषणातील स्वयंपाक, यांत त्या रमल्या. आप्पांना मात्र तिथला हिवाळा सोसत नसे. एका वर्षी डिसेंबरात तिकडे राहण्याचा प्रसंग आला, तेव्हा साडेचारलाच सूर्य मावळू लागला. मुलगा-सून कामावरून परतण्याच्या आधीच आप्पांना एकट्याने जेवून घ्यावे लागे. जूनमध्ये तोच सूर्य साडेआठपर्यंत थांबे. "इथं सूर्याचंसुद्धा वेळापत्रक ठरलेलं नाही," असे ते हसून म्हणत. पण त्यांची ओढ कोणीकडे आहे, हे घरात सर्वांना कळत होते.

त्यांच्या परिचयाच्या मंडळींत एक समजूत रूढ होती. सहा महिन्यांच्या आत एकदा अमेरिकेच्या भूमीला पाय लावला की कार्ड जिवंत राहते, बाकी वर्षभर कोठेही राहावे. मंदिराच्या पायरीवर, विमानाच्या रांगेत, फोनवर, सर्वत्र हेच सांगितले जाई. ही समजूत अर्धीच खरी आहे. एकशे ऐंशी दिवसांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास परतताना नव्याने प्रवेश मागणाऱ्यासारखी चौकशी होऊ शकते. वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिल्यास नुसत्या कार्डावर प्रवेशच मिळत नाही. हे दोन्ही आकडे खरे आहेत. परंतु कायदा मुळात दिवस मोजत नाही, हेतू पाहतो. खरे घर कोठे आहे, परदेशातील वास्तव्य तात्पुरते आहे काय, कर कोठे व कोणत्या नात्याने भरला जातो, बँकेचे खाते, वाहनपरवाना, आप्तस्वकीय कोठे आहेत, या साऱ्यांचा एकत्रित विचार होतो. दर पाच महिन्यांनी पंधरा दिवसांसाठी येणाऱ्या माणसाने सहा महिन्यांची मर्यादा कधीच ओलांडली नसली, तरी तो तेथे राहत नाही, पाहुणा म्हणून येतो, असा निष्कर्ष निघू शकतो.

२०१७ च्या उन्हाळ्यात परतताना विमानतळावरील अधिकाऱ्याने आप्पांचे पारपत्र उलटसुलट चाळले आणि सरळ विचारले, "तुम्ही राहता कोठे?" आप्पांनी जन्मभर मुलांना खरे बोलायला शिकवले होते. ते म्हणाले, "थोडा इथं, थोडा तिथं." अधिकारी कठोर नव्हता. त्याने समज दिली की, इथे राहायचे असेल तर राहा. दीर्घकाळ बाहेर जायचे असेल तर आधी परवाना घ्या. आणि राहायचेच नसेल तर कार्ड परत करण्याचा विचार करा. शेजारच्या खिडकीशी एक वृद्ध गुजराती बाई रडत उभ्या होत्या. त्यांच्यापुढे एक कागद ठेवलेला होता आणि त्यांनी त्यावर सही केली. तो आय-४०७ हा अर्ज होता, स्वेच्छेने कार्ड सोडल्याचा. सही करण्याची सक्ती कोणीही करू शकत नाही, इमिग्रेशन न्यायाधीशापुढे सुनावणी मागता येते आणि वास्तव्य सोडल्याचे सिद्ध करण्याचा भार सरकारवर असतो, हे त्या बाईंना कोणी सांगितले नव्हते. आप्पांनाही ते घरी गेल्यावर मुलाने नेमलेल्या वकीलबाईंकडून कळले.

पुढच्याच हिवाळ्यात, २०१८ च्या आरंभी, सांगलीहून फोन आला. आव्वा न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या आणि खुब्याचे हाड मोडले होते. आप्पा त्या वर्षी सुनेच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी एडिसनलाच होते. ते त्याच आठवड्यात निघणार होते, वकीलबाईंनी थांबवले. पुनःप्रवेश परवान्याचा अर्ज, म्हणजे आय-१३१, अमेरिकेच्या भूमीवर असतानाच दाखल करावा लागतो; बोटांचे ठसे देण्यासाठीही तेथेच थांबावे लागते. परवाना मात्र नंतर आला तरी चालतो. तो जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो, त्याची मुदत वाढवून मिळत नाही, नवा हवा असल्यास पुन्हा येऊन नव्याने अर्ज करावा लागतो. परवाना असला म्हणजे प्रवेशाची हमी मिळते असेही नाही. केवळ दीर्घ अनुपस्थितीवरून वास्तव्य सोडले असे मानले जात नाही, एवढेच त्याचे संरक्षण.

आव्वांची शस्त्रक्रिया मुलीने पार पाडली. आप्पा ठशांच्या तारखेची वाट पाहत सात आठवडे एडिसनला अडकून राहिले. त्या सात आठवड्यांत ते फार बोलत नसत, असे माई सांगतात.

अर्ज भरण्यासाठी वकीलबाईंकडे गेले असता प्रवासाचे कारण आणि परदेशातील अपेक्षित वास्तव्य या प्रश्नांशी आप्पा थांबले. कारण सोपे होते : आईची शुश्रूषा. कालावधी काय लिहावा? वकीलबाईंनी समजावून सांगितले की, तेथील न्यायालयांच्या दृष्टीने परदेशातील वास्तव्य तात्पुरते ठरण्यासाठी ते थोड्या, ठरावीक काळाचे असावे लागते, किंवा नजीकच्या काळात घडण्याचा वाजवी संभव असलेल्या एखाद्या घटनेने संपणारे असावे लागते. परीक्षा, बाळंतपण, घराची विक्री, खटल्याचा निकाल, अशी कोणतीही घटना चालते.

आप्पांनी चष्मा काढला. "म्हणजे माझ्या बाबतीत ती घटना कोणती, हे तुम्हाला कळतंय ना?" ते शांतपणे म्हणाले. "आईच्या मरणाचा अंदाज मी कागदावर लिहायचा?"

वकीलबाई काही वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी स्वतःच 'दोन वर्षांपर्यंत' असे लिहिले आणि सहीसाठी कागद पुढे केला.

एप्रिल २०१८ मध्ये आप्पा एकटे परतले. तान्ह्या बाळासाठी माई तेथेच राहिल्या. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात दोघे प्रथमच दीर्घकाळ विलग झाले. आव्वा पुन्हा चालू शकल्या नाहीत. त्यांना उठवणे, बसवणे, स्नान घालणे, सूर्यास्तापूर्वी मऊ भात भरवणे, सकाळी णमोकार मंत्र म्हणून दाखवणे, हे सारे एकाहत्तर वर्षांचा मुलगा करी. दिवाळीत थोरला मुलगा येताना परवाना घेऊन आला. जून २०२० पर्यंतची मुदत होती. आप्पांनी तो कपाटात, जमिनीच्या सातबाऱ्यांच्या पिशवीत ठेवला.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांवर गेले. गावभागातील घरे बुडाली. आव्वांना खाटेसकट नावेतून बाहेर काढून जयसिंगपूरला नातेवाइकांकडे न्यावे लागले. घरातील धान्य, पुस्तके, लाकडी देव्हारा, सारे चिखलात गेले. कपाटातील पिशवी मात्र आप्पांनी निघताना बरोबर घेतली होती. त्यात परवाना होता म्हणून नव्हे, सातबारे होते म्हणून, असे ते स्पष्ट सांगत. मुलाने फोनवर आग्रह धरला : "आप्पा, आता आव्वांना चांगल्या शुश्रूषागृहात ठेवू या आणि तुम्ही या." आप्पा म्हणाले, "तू लहानपणी पाण्याला भ्यायचास तेव्हा आव्वा तुला कडेवर घेऊन पूर बघायला नेत होती. तिला आता मी कोणाच्या कडेवर देऊ?"

तरीही त्यांनी परतीचा बेत सोडला नव्हता. एप्रिल २०२० मध्ये मुलीने दोन महिने सांगलीला येऊन राहायचे, तेवढ्यात आप्पांनी एडिसनला जाऊन नव्या परवान्याचा अर्ज करायचा, असे ठरले, तिकीट निघाले. मार्चच्या अखेरीस नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा बंद झाली. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर नाके लागले आणि बेळगावची मुलगी तिथेच अडकली. पुढे अमेरिकन नागरिक व कायम रहिवासी यांना परत नेणारी काही विशेष विमाने सुटू लागली. मुलाने धडपड करून वडिलांसाठी एक जागा मिळवली. आव्वांजवळ राहायला त्या वेळी दुसरे कोणीच नव्हते. आप्पांनी ती जागा नाकारली. जूनमध्ये परवान्याची मुदत संपली.

जानेवारी २०२१ मध्ये, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, आव्वा शांतपणे गेल्या. आप्पा उशाशी होते. माईंच्या नागरिकत्वाचा अर्ज त्या वेळी विचाराधीन होता, महामारी ओसरली नव्हती, त्यामुळे त्यांना येता आले नाही. ज्या सासूने त्यांना घराची रीत शिकवली, तिचे अंत्यदर्शन त्यांनी मोबाईलच्या पडद्यावर घेतले. ही गोष्ट माईंच्या मनातून आजही गेलेली नाही.

दुःखाचे दिवस सरल्यावर कार्डाचा प्रश्न पुन्हा पुढे आला. वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिलेल्या, परवानाही नसलेल्या रहिवाशासाठी एक मार्ग उरतो. वकिलातीकडे 'परतणाऱ्या रहिवाशाचा' व्हिसा, एसबी-१, मागता येतो. निघताना आपण कायदेशीर रहिवासी होतो, परतण्याचा हेतू कधीही सोडला नव्हता आणि मुक्काम लांबला तो आपल्या हाताबाहेरील कारणाने, या तीन गोष्टी पुराव्यानिशी दाखवाव्या लागतात. वकीलबाईंचे मत अनुकूल होते. आईचे आजारपण, महापूर, महामारी. यापेक्षा सबळ कारणे क्वचितच कोणापाशी असतात, असे त्यांनी कळवले.

आप्पांनी अर्जाचा मसुदा दोन दिवस जवळ ठेवला. मग मुलाला फोन केला.

"महापूर माझ्या हातात नव्हता, साथ माझ्या हातात नव्हती, हे खरं आहे. पण विमानात माझ्यासाठी जागा होती. मी गेलो नाही, कारण मला आव्वापाशी राहायचं होतं. ते माझ्या हातात होतं आणि मी ते केलं. आता नाइलाज झाला असं लिहून सही कशी करू?"

"आप्पा, तुम्ही खोटं लिहा असं कोणी म्हणत नाही," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज जड झाला होता. "तिकडे तुम्ही एकटे आहात. उद्या काही झालं तर मी किती तासांत पोहोचणार?"

या प्रश्नाला आप्पांजवळ उत्तर नव्हते आणि त्यांनी ते असल्याचा आव आणला नाही. मुलाची भीती खरी होती, वडिलांची अडचणही खरी होती. अनेकान्त शिकलेल्या घरात दोन्ही बाजू खऱ्या असू शकतात हे मान्य करणे अवघड नसते. त्यानंतर निर्णय घेणे अवघड असते.

निर्णय झाला तो माईंच्या एका वाक्याने. "अहो, कार्ड ठेवायचं की नाही हे नंतर बघू. तुम्हाला राहायचं कुठं आहे, ते एकदा सांगून टाका," त्या फोनवर म्हणाल्या. आप्पा म्हणाले, "सांगलीत." माई थोड्या वेळाने म्हणाल्या, "मला वाटलंच होतं."

२०२१ मध्येच आप्पांनी आय-४०७ भरून, कार्डासह टपालाने पाठवून दिले. कोणाच्या दबावाखाली, रात्रभराच्या प्रवासानंतर, न समजणाऱ्या भाषेतील कागदावर सही करणे आणि घरच्या टेबलावर बसून, विचार करून सही करणे, यांत फार अंतर आहे. त्या वेळी सही करण्यास एक व्यावहारिक कारणही होते. कायम रहिवासी जगात कोठेही असला तरी त्याच्या साऱ्या जगातील उत्पन्नाचे विवरणपत्र अमेरिकेत भरावे लागते. आप्पांची पेन्शन आणि ठेवींवरील व्याजसुद्धा त्यात येई. परदेशी खात्यांतील एकूण रक्कम वर्षात केव्हाही १०,००० डॉलरच्या वर गेल्यास त्याची वेगळी माहिती द्यावी लागते. शिवाय मागील पंधरा करवर्षांपैकी आठ वर्षे कार्ड बाळगलेल्यांना ते सोडताना कराचे अधिक कडक नियम लागू होतात. आप्पांचे सातवे वर्ष चालू होते.

माईंची वाट निराळी झाली. त्यांची कोणतीही अनुपस्थिती सहा महिन्यांवर गेलेली नव्हती आणि पाच वर्षांपैकी किमान तीस महिने प्रत्यक्ष वास्तव्याची अट त्यांनी सहज ओलांडली होती. सत्तरीच्या उंबरठ्यावर त्या इंग्रजी वाचायला-लिहायला बसल्या. राज्यघटना व इतिहासावरील शंभर प्रश्न त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर मराठीत अर्थ लिहून चिकटवले होते. त्या वेळी मुलाखतीत दहा विचारत आणि सहा बरोबर यावे लागत. त्या उत्तीर्ण झाल्या. भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नसल्याने भारतीय पारपत्र परत करावे लागले. ते देताना त्या रडल्या. मतदानाची शाई पुन्हा बोटाला लागणार नाही, याचे त्यांना विशेष वाटले. नंतर त्यांनी ओसीआय कार्ड घेतले.

मग एक विलक्षण गोष्ट उघड झाली. 'कायम रहिवासी' असेपर्यंत माई सांगलीत पाच महिन्यांवर राहायला भीत असत. परक्या देशाच्या पूर्ण नागरिक झाल्यावर मात्र त्या सांगलीत कितीही काळ राहू शकतात; नागरिकत्व अनुपस्थितीमुळे जात नाही आणि ओसीआयधारकाला भारतातील मुक्कामाची मर्यादा नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही, मत देता येत नाही, पण घरात राहता येते. मुनींना चातुर्मास सोडून एका गावी फार काळ राहण्यास मनाई, आणि गृहस्थाला आपण एकाच ठिकाणी राहतो हे पदोपदी सिद्ध करण्याची सक्ती; या गमतीवर आप्पा आता मोकळेपणाने हसतात.

आप्पांना पर्यटक व्हिसा मिळायला मुंबईच्या मुलाखतीची दीर्घ प्रतीक्षा करावी लागली. खिडकीपलीकडील अधिकाऱ्याने पूर्वीच्या कार्डाविषयी विचारले. त्यांनी आय-४०७ ची प्रत पुढे केली. "का सोडलंत?" "आई आजारी होती आणि माझं घर इथं आहे." व्हिसा दहा वर्षांचा मिळाला. पुढे कधी दोघांना एडिसनलाच राहावेसे वाटले, तर माई किंवा मुलगा पुन्हा नव्याने अर्ज करू शकतात. स्वेच्छेने सोडलेल्या कार्डामुळे ते दार बंद होत नाही.

ज्या घरांत आज असे अर्ज भरण्याची चर्चा चालू आहे, तेथे फोटो काढण्याआधी आणि शुल्क भरण्याआधी माईंचा प्रश्न वडीलधाऱ्यांना विचारला जावा : राहायचे कोठे आहे? उत्तर 'मुलाजवळ' असेल, तर कार्ड जरूर घ्यावे, तेथे खरोखर राहावे, कर रहिवासी म्हणून भरावा, आणि गावी दीर्घ मुक्कामाची वेळ येणार असे दिसताच निघण्यापूर्वी परवान्याचा अर्ज करावा. उत्तर 'गावी' असेल, तर पर्यटक व्हिसा पुरेसा आहे आणि त्यात कमीपणा नाही. उत्तर 'दोन्हीकडे' असेल, तर ते मुलाबाळांना मोकळेपणाने सांगावे, कारण कार्ड त्या उत्तरासाठी बनलेले नाही.

सध्या दिवाळीपासून होळीपर्यंत माई सांगलीत असतात. मे महिन्यात आप्पा चार महिन्यांसाठी एडिसनला जातात. कपाटात दोन पारपत्रे शेजारी शेजारी असतात. दोन्ही गडद निळ्या रंगाची असल्याने माई आपले ओळखण्यासाठी त्याला लाल दोरा बांधून ठेवतात.